सर्वाधिक पाहिलेलं स्थळ

वेबसाइटवर पैसे कसे मिळतात हे मला पहिल्यांदा समजावून सांगितलं ते पुण्याहून बंगळूरला आलेल्या एका गृहस्थाने, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, मसालेभात खाता खाता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि शहरातला प्रत्येक तिसरा माणूस कशाचा तरी संस्थापक होता. हे गृहस्थ दिवसा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्री विभागात होते आणि उरलेल्या वेळात संस्थापक.

"आपण काहीच विकायचं नाही," ते म्हणाले. "लोक येतात, बघतात, जातात. पानाच्या डोक्यावर जाहिरातीची एक पट्टी असते, तिला बॅनर म्हणतात. पान उघडलं की बॅनर दिसतो. जितक्या वेळा दिसला तितक्या वेळा तिकडे अमेरिकेत मोजला जातो. कोणी त्याच्यावर क्लिक केलं तर अजून उत्तम. मग डॉलरमध्ये चेक."

"आणि लोकांनी यायचं कशाला?"

"तेच तर. त्यांना बघण्यासारखं काहीतरी द्यायचं."

त्यांनी द्यायला निवडलं होतं मराठी वधूवरसूचक केंद्र. मुलगी बघायला आलेल्या मंडळींना आपण पिढ्यानपिढ्या फुकट पोहे खाऊ घालत आलो. बघण्याबद्दल कोणीतरी पैसे मोजावेत आणि ते आपल्याला मिळावेत, हे या माणसाच्या आधी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. एचएसआर लेआउटमध्ये त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथे तेव्हा कोपऱ्यात रोवलेले दगड, गवत आणि गुरं एवढंच होतं. पण बंगल्याचा नकाशा तयार होता आणि तो बंगला बॅनरच्या पैशातून उभा राहणार होता. माझ्यासारख्या, सरकारी कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करणाऱ्या माणसाने यावर मसालेभात खाण्यापलीकडे काय करायचं?

मी हनुमंतनगरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालक, त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे, आणि त्यांची मुलगी, तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. अण्णांचे पूर्वज सतराव्या शतकात कोणत्यातरी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी होती, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं होतं की पुण्याची मंडळी ती ऐकताना, पाहुण्यांच्या लहान मुलाचं गाणं ऐकावं तसा चेहरा करत. अण्णांना तो चेहरा कौतुकाचा वाटे. अण्णांना बरेच चेहरे कौतुकाचे वाटत.

अक्का चौतिशीची होती. बसवनगुडीत एका हिशेबतपासनिसाच्या ऑफिसात काम करायची. उजव्या कानाने तिला अजिबात ऐकू येत नसे, लहानपणी गोवर झाला तेव्हापासून. हसायची मोठ्याने आणि भांडायचीही मोठ्याने. तिचं लग्न हा त्या घरातला एकमेव विषय होता. अण्णांना दुसरा विषय नव्हता आणि तिलाही लग्न करायचंच होतं. एकदा माझ्याकडे भाडं मागायला आली असताना ती सरळ म्हणाली होती, "सर, मला संसार हवाय. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

अण्णांसारख्या, पिढ्यानपिढ्या इकडे राहिलेल्या जुन्या मराठी घरांमध्ये एक रीत होती. मुलगी बघायला येण्याआधी मुलीचा बाप मुलाच्या घरी जाऊन तिच्यातल्या सगळ्या उण्या गोष्टी सांगून येई. मुलाचा बापही आपल्या मुलाच्या सांगे. एकदा सांगितलं की मग जन्मभर त्यावरून कोणी टोमणा मारायचा नाही. सगळी मिळून काही शे घरं, सगळ्यांना सगळ्यांचं माहीतच. त्यामुळे ही रीत म्हणजे माहिती देणं नव्हतं, सभ्यता होती. अण्णांना तिचा अभिमान होता.

त्यामुळे संस्थापकांनी मंडळात फॉर्म वाटले तेव्हा 'इतर माहिती' या रकान्यात अण्णांनी प्रामाणिकपणे लिहिलं. उजव्या कानाला ऐकू येत नाही. राग लवकर येतो. रंग सावळा, फोटोत दिसतो त्याहून सावळा. एकदा ठरलेलं मोडलं, चूक आमच्याकडची. झोपेत घोरते.

मी तो फॉर्म पाहिला आणि म्हणालो, "अण्णा, हे सगळ्या जगाला दिसणार."

"दिसावं म्हणूनच लिवलो की, साहेब. मागनं कुणी बोलाय नको."

साइट इंग्रजीत होती. भाषांतर संस्थापकांनी स्वतः केलं आणि, मी या धंद्यातला असल्यामुळे सांगतो, चोख केलं. शेजारच्या स्थळांमध्ये गोऱ्या, सडपातळ, गृहकृत्यदक्ष आणि तरीही आधुनिक अशा मुलींची रांग होती. त्या रांगेत ही एकटी घोरत होती.

महिन्याभरात ते पान पुण्यामुंबईच्या आणि मग कॅलिफोर्नियाच्या ऑफिसांमधून इ-मेलने फिरायला लागलं. लोक एकमेकांना पाठवत, खाली दोन शब्दांची शेरेबाजी करत आणि आणखी दहाजणांना पाठवत. हुशार, शिकलेली, सभ्य मुलं होती ती. त्यांच्यापैकी एकानेही आपल्या बहिणीचं वर्णन असं लिहिलं नसतं आणि म्हणूनच त्यांना ते इतकं आवडलं. प्रत्येक पानाच्या तळाशी एक आकडा असे, किती वेळा पान उघडलं गेलं ते दाखवणारा. साइटवरच्या बाकी मुलींचे आकडे रांगत होते. अक्काचा पळत होता.

संस्थापक चाणाक्ष होते. आधी त्यांनी त्या पानावर वर आणि खाली असे दोन बॅनर लावले. मग त्यांच्या लक्षात आलं की पाच दोष एकाच पानावर वाचून होतात, म्हणजे वाचणारा एकदाच मोजला जातो. त्यांनी दोष वेगळे केले. एका पानावर एक. पुढचा वाचायचा तर 'नेक्स्ट'वर क्लिक करायचं, की नवीन पान, नवे बॅनर. घोरणं त्यांनी शेवटी ठेवलं, कारण सगळे त्याच्यासाठीच आलेले असत. पुढे त्यांना एकट्या अमेरिकेवर अवलंबून राहायची गरज उरली नाही. गांधीबझारातल्या एका गाद्यांच्या दुकानाने घोरण्याचं पान घेतलं. कानाच्या पानासाठी श्रवणयंत्रवाल्याशी बोलणी चालू होती. रागाच्या पानाला गिऱ्हाईक मिळत नाही याची त्यांना खंत होती.

"बरोबर माणसाला बरोबर जाहिरात," ते मला म्हणाले. "याला टार्गेटिंग म्हणतात."

इकडे अण्णा दर रविवारी धुतलेला शर्ट घालून सायबर कॅफेत जात. कॅफेवाला पोरगा त्यांना पान उघडून देई. पाचही पानं ते बघत, चष्मा काढून पुसून परत बघत आणि घरी येताना मला जिन्यावरून हाक मारत.

"साहेब, आज आणि वाढलंय. आठवड्यात एवढं. आमच्या काकांच्या मुलीला बघाय मिळून तीन घरं आली होती."

त्यांची स्वतःची भेटही त्या आकड्यात धरली जाते हे त्यांना माहीत नव्हतं. संस्थापकांना होतं.

अण्णांच्या डोक्यात हिशेब सरळ होता. माणूस मुलीला बघायला का येतो? पसंत पडली तर करून घ्यायला. एवढी माणसं बघायला आली म्हणजे एवढ्या माणसांच्या मनात काहीतरी आहे. अजून कोणी पत्र लिहिलं नाही कारण चांगल्या घरातली माणसं घाई करत नाहीत. या तर्कात चूक काढता येत नाही. फक्त ज्या जगाबद्दल तो होता ते जग शिल्लक नव्हतं.

याच सुमाराला खरं स्थळ आलं. साइटवरून नव्हे, लांबच्या एका आत्यांकडून. के. आर. पुरमला राहणारा, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात फोरमन, चाळिशीचा, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मूल नाही. रीतीप्रमाणे अण्णा त्याच्याकडे जाऊन सगळं सांगून आले. त्यानेही सांगितलं, की पुढचे दोन दात खोटे आहेत, पहिल्या बायकोचा फोटो भिंतीवरून काढणार नाही आणि स्वयंपाकघरात आईचं चालतं.

तो आला त्या दिवशी अण्णांनी मला खाली बोलावलं होतं, वरचे शिकलेले भाडेकरू म्हणून. तो आत आला, चहूकडे बघितलं आणि खुर्ची उचलून अक्काच्या डाव्या बाजूला ठेवून बसला. कोणी काही सुचवलं नव्हतं.

"ऐकू येतं ना इकडून?" त्याने विचारलं.

"इकडून सगळं येतं. नको ते पण येतं," अक्का म्हणाली.

"आमच्या कारखान्यात मशीन चालू झाली की कोणालाच ऐकू येत नाही. आम्ही हातानं बोलतो."

"भांडता पण हातानं?"

"भांडाय जेवणाची सुट्टी असते."

ती हसली. तिचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, तसं गेलं. तो दचकला नाही. घोरण्याचा विषय त्यानेच काढला. "रात्रपाळी असते माझी एक आठवडा सोडून एक," तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही काय वाट्टेल ते करा." मी आजवर पाहिलेल्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमांत दोन्ही बाजूंना एकमेकांची कीव न येता पार पडलेला हा एकच.

तो गेल्यावर अक्का कपबश्या उचलत होती. अण्णा म्हणाले, "मनुष्य चांगलाय."

"मग हो म्हणा की."

"स्वल्प थांबू. एवढी माणसं बघाय लागलेत, अक्का. एकाला हो म्हटलं तर बाकीच्यांना काय सांगायचं?"

कपबश्या तिने परत खाली ठेवल्या. त्या वेळी तिला ते पान कशासाठी फिरतंय हे कळलेलं नव्हतं, त्यामुळे ती फक्त चिडली. कळलं पुढच्या आठवड्यात. ऑफिसात नवीन इंटरनेट आलं होतं. दोन मुलगे एका पडद्यासमोर उभे होते आणि ती त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे त्यांच्याकडे उजवा कान करून, कपाटातली फाइल काढत होती. त्यांचं हसणं तिला ऐकू आलं नाही. कपाटाच्या काचेत दिसलं. मग त्यांच्यातला एक तिच्याकडे बोट दाखवतोय हेही दिसलं.

ती त्या संध्याकाळी वर माझ्याकडे आली. "सर, ते बॅनर कसं असतं ते मला सांगा," म्हणाली. मी सांगितलं. हिशेबाच्या ऑफिसातली बाई होती, लगेच समजलं.

"म्हणजे मी जितकी वाईट, तितकं त्यांना चांगलं."

"साधारण तसं."

आम्ही दोघं संस्थापकांच्या घरी गेलो. त्यांनी आम्हाला सरबत दिलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. हे शांतपणे ऐकून घेणं ते कुठल्यातरी कार्यशाळेत शिकले होते.

"मी समजू शकतो, अक्का," ते म्हणाले. "पण फॉर्मवर सही वडिलांची आहे. काढायचं तर त्यांनी सांगायला हवं. उद्या ते म्हणाले, कोणाला विचारून काढलंत, तर?"

"ती माझी माहिती आहे."

"हो, पण दिलीय त्यांनी. आणि खरं सांगू का, निगेटिव्ह असं काही नसतं. लोक बघतायत ना? बघणं महत्त्वाचं."

"तुमच्या बहिणीचं टाका मग," ती म्हणाली.

"तिचं झालंय हो लग्न," ते म्हणाले. त्यांना खरंच वाटलं की हे उत्तर आहे.

तेव्हा उरले अण्णा. घरी येऊन तिने त्यांना समोर बसवलं आणि मला साक्षीला उभं केलं.

"अण्णा, ती माणसं लग्नासाठी बघत नाहीत. हसाय येतात."

अण्णांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "त्या कॉम्प्युटरच्या दुकानात तासाला किती घेतात माहितेय? एवढे पैसे मोजून हसाय कोण जाईल? हसायचं तर फुकट हसता येतंय की."

"सर, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. जाहिराती, पाच पानं, इ-मेल, सगळं. गादीच्या दुकानाचंही सांगितलं. अण्णांनी माझं नीट ऐकलं आणि म्हणाले, "गादीवाला पैसे देतो म्हणजे त्याला पण भरवसा असेल, न्हाई का?" मग मला वाईट वाटू नये अशा बेताने, "साहेब, तुम्ही दुसऱ्यानं लिवलेलं लिवता. तुम्हाला धंद्यातलं नाही कळायचं."

अक्काने त्यांचा हात धरला. "ते असू दे. त्या फोरमनला हो म्हणा. बाकी काही मागत नाही मी."

"म्हणतो की. संक्रांत होऊ दे. मंडळात माझा सत्कार आहे."

ही बातमी आम्हाला दोघांनाही नवीन होती.

मराठी माणसाला शाल आणि नारळ देण्यासाठी कारण लागत नाही, पण संस्थापकांकडे कारण होतं. गाद्यांच्या दुकानाचे मालक पुढच्या सहा महिन्यांच्या जाहिरातीबद्दल विचार करत होते आणि त्यांना प्रत्यक्ष गर्दी दाखवायची होती. म्हणून मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात ते प्रमुख पाहुणे. हॉल खचाखच भरला होता. जुनी घरं मागे, पुण्यामुंबईची नवी मंडळी पुढे. अण्णांनी फोरमनला आणि त्याच्या बहिणीला मुद्दाम बोलावलं होतं. आपल्या मुलीची किंमत त्यांना एकदा दिसू द्यावी हा हेतू. ती दोघं अक्काच्या शेजारी बसली, तो अर्थातच डाव्या बाजूला.

संस्थापक माइकवर आले. ज्ञानाचा महापूर, मुठीत आलेलं जग, परंपरा आणि तंत्रज्ञानाचा संगम, असं सगळं ओळीने झालं. मग ते म्हणाले, "आणि आता आपल्या केंद्रावरचं सर्वाधिक पाहिलेलं स्थळ. वधुपित्याचा सत्कार आपल्या प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते."

अण्णा व्यासपीठावर चढले. शाल आली, नारळ आला. मग गादीवाल्याने आपल्याकडून भेट म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक उशी अण्णांच्या हातात दिली.

पुढच्या रांगा आधी तोंडावर रुमाल धरून हसल्या. मग एकाने तो रुमाल काढला आणि हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. मागच्या जुन्या घरांना काय चाललंय ते कळलं नाही, पण पुढचे आनंदात आहेत म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी उशी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग मध्यभागी. हसणं वाढलं तसे ते आणखी वाकले. सभेत इतका मान मिळालेला माणूस मी नंतरही पाहिला नाही.

अक्का समोर बघत बसली होती. फोरमनने तिला काहीतरी सांगितलं. ते तिच्या चांगल्या कानाला सांगितलं असूनही तिला ऐकू गेलं नसावं, एवढा गलका होता. मग त्याने हाताने काहीतरी खूण केली, कारखान्यात करत असतील तशी. तिने मान हलवली.

बाहेर चपला शोधताना तो मला भेटला. "सर, मला थांबाय काही हरकत नव्हती," तो म्हणाला. "अजून वर्ष थांबलो असतो. पण बहीण विचारतेय, ही सगळी का हसतायत. मी नाही सांगितलं. माझा भाचा कॉम्प्युटरचं शिकतो. आज घरी गेल्यावर ती त्याला विचारणार."

"तुम्हाला फरक पडतो?"

"मला नाही. पण माझ्या घरात ती राहणार, मी रात्रपाळीला असणार. मागं आई आणि बहीण असणार." त्याला चपला सापडल्या. "रोज कोण ऐकून घेईल सर, असल्या गोष्टी. एका कानानं पण."

पुढच्या रविवारी तो स्वतः येऊन नाही म्हणून गेला. बहिणीला पसंत नाही, एवढंच म्हणाला. अण्णा कानडीत "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं म्हणाले आणि त्याला पुरणपोळी खायला लावली. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं, ते लपत नव्हतं. अक्काने वाढलं. दोघंही एक शब्द बोलले नाहीत आणि या वेळी हातानेही नाही. उन्हाळ्यात त्याचं दुसरीकडे लग्न झाल्याचं आत्यांनी कळवलं.

गादीवाल्याने सहा महिन्यांचं पान घेतलं. पण हसणाऱ्यांना काय, रोज नवीन लागतं. पावसाळ्याच्या सुमाराला कुठल्याशा मंत्र्याच्या भाषणाचं पान फिरायला लागलं आणि लोक तिकडे गेले. अक्काचा आकडा मंदावला, मग रोज दोनचार, मग फक्त रविवारी पाच. म्हणजे एकटे अण्णाच. अमेरिकेतल्या कंपनीने बॅनरचे दर उतरवले आणि संस्थापकांनी साइट बंद करून टाकली. कोणालाही न विचारता. फॉर्मवर सही कोणाची आहे हा प्रश्न त्या वेळी आडवा आला नाही. ते आता ज्योतिषाच्या साइटकडे वळले होते, तिथे लोक रोज येतात.

त्या रविवारी अण्णा कॅफेतून लवकर परत आले. अक्का आणि मी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत अंगणात उभे होतो.

"पान उघडत न्हाई," अण्णा म्हणाले. "त्या पोरानं तीनदा बघितलं. म्हणतो, असं काही न्हाईच. काय झालं म्हणायचं?"

मी काहीतरी तांत्रिक सांगणार होतो. अक्का म्हणाली, "काही न्हाई अण्णा. सगळ्यांचं बघून झालं."

अण्णांनी यावर विचार केला. त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

"मग आता निरोप यायला लागतील," ते म्हणाले. आणि बैठकीच्या खोलीतल्या खुर्च्या नीट लावायला आत गेले.